सगळं वाचून झालं

"मागची बाजू वाचलीत?"

खिडकीपलीकडच्या माणसाने अर्ज उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला. "मागे पण असतं होय काही?"

"असतं. म्हणून तर कागदाला दोन बाजू असतात."

माणूस ओशाळून हसला. तीन नंबरच्या खिडकीमागचा कारकून हसला नाही. त्याने अर्ज दोन बोटांनी परत सरकवला, "तळटीप चार, वाचा, मग या," असं म्हणाला आणि काच ओढून घेतली. एक वाजला होता.

नकला विभागात त्याला सव्वीस वर्षं झाली होती. जुन्या नोंदींच्या प्रती लोकांना काढून द्यायच्या, एवढंच काम. पण लोक अर्ज न वाचता भरत, सूचना न वाचता रांगेत उभे राहत आणि डोक्यावर पाटी असताना पाटीखाली उभं राहून पाटीवरचंच विचारत. कचेरीत त्याला मागून सगळे 'तळटीप' म्हणायचे. त्याला ते ठाऊक होतं. नाव ठेवणाऱ्याने निदान कागदाच्या तळापर्यंत नजर तरी नेली असेल, एवढ्यावर तो समाधान मानत असे.

डबा उघडून त्याने मोबाइल स्टेपलरला टेकवून उभा केला. जेवताना तो इंटरनेटवरचा एक मंच वाचायचा. जुन्या, काचेच्या नळ्यांच्या रेडिओंचा नाद असलेल्या माणसांचा तो मंच होता. तळटीप तिथे बारा वर्षं 'खरखर' या नावाने होता. घरच्या मागच्या खोलीत त्याचे नऊ रेडिओ होते आणि नऊच्या नऊ त्याने स्वतः बोलते केले होते. मंचावर त्याच्याइतकं कुणाला येत नव्हतं, हे सगळे मान्य करत. त्याच्याइतकं कुणी वाचतही नव्हतं, हे मात्र फक्त त्यालाच माहीत होतं.

मंचावरची सगळ्यात लांब चर्चा गुणगुणीची. रेडिओ लावला की गाण्याऐवजी नुसता भुंग्यासारखा आवाज येतो, त्याचं काय करायचं? तीनशे अकरा पानं झाली होती. त्या तीनशे अकरा पानांत माणूस किती प्रकारे न वाचता बोलू शकतो, याचे सगळे नमुने सापडत. काहीजण शेवटचं पान तेवढं बघून पहिल्या पानावरचा प्रश्न विचारत. एक निवृत्त बँक अधिकारी दर दोन महिन्यांनी उगवायचा आणि तोच उपाय स्वतःचा शोध म्हणून सांगायचा. लोक टाळ्या द्यायचे, कारण त्यांनीही मागचं वाचलेलं नसायचं. सगळ्यांत डोक्यात जायचे ते नम्र लोक. 'वरवर चाळलंय, राग मानू नका' अशी सुरुवात करणारे. म्हणजे कुणाच्या घरात चिखलाचे पाय घेऊन शिरायचं आणि वर सांगायचं की पाय भरलेत हं, आम्हाला माहितेय.

अधूनमधून कुणीतरी सुचवायचं, पहिल्या पानावर सारांश टाकूया. चांगली पद्धत आहे, इतर मंचांवर असतो. दर वेळी खरखर आडवा यायचा. 'सारांश कुणासाठी? ज्यांना चावायचाही कंटाळा आहे त्यांच्यासाठी? आम्ही बारा वर्षं लिहिलं, त्यांनी बारा दिवस वाचावं.' एकदा मंच चालवणाऱ्याने खासगीत लिहिलं होतं, 'साहेब, नवीन माणसं पळून जातात हो.' त्यावर खरखरने उत्तर दिलं होतं, 'जाऊ द्या. हलकी होती.'

त्या दिवशी पोळीचा तुकडा मोडता मोडता त्याला नवा प्रश्न दिसला. टाकणारीचं नाव 'नवखी'.

'नमस्कार. चर्चा खूप मोठी आहे, सगळी वाचायला वेळ नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते.'

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. डबा तसाच ठेवून त्याने उजव्या हाताची बोटं रुमालाला पुसली आणि लिहिलं, 'वेळ आम्हालाही नव्हता. तरी आम्ही लिहिलं. उत्तर याच चर्चेत आहे. पान पहिलं ते शेवटचं, आधी सगळं वाचा, मग विचारा.'

खाली पटापट अंगठे उमटले. निवृत्त बँक अधिकाऱ्याने लिहिलं, 'खरखरजींनी बरोबर कान टोचले.' तळटीपने अंगठे मोजले, सतरा होते. यातल्या एकानेही तीनशे अकरा पानं वाचलेली नाहीत, हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी उरलेला घास त्याला गोड लागला.

नवखीने एकच ओळ लिहिली. 'बरं. वाचते.'

तसं तर सगळेच म्हणत. तो तिला विसरूनही गेला.

*

अकरा आठवड्यांनी, एका शनिवारी सकाळी, तो मागच्या खोलीत सहाव्या रेडिओची धूळ पुसत होता. मोबाइल वाजला. गुणगुणीच्या चर्चेत नवखीचं नाव होतं.

'नमस्कार. सांगितल्याप्रमाणे पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं वाचून झालं. माझ्या प्रश्नाचं उत्तर पान दोनशे चौसष्टवर आहे, खरखर यांनीच सात वर्षांपूर्वी दिलेलं. दीड ओळीचं आहे. मोठा कपॅसिटर सुकलाय, तो बदला. मी बदलला, रेडिओ सुरू झाला. वडील त्याच्या नऊ दिवस आधी गेले. पुढे कुणाला लागलं तर शोधावं लागू नये म्हणून पान क्रमांक देत आहे.'

त्याने फडकं खाली ठेवलं.

खाली उत्तरं यायला लागली होती. 'वा! अभिनंदन!' 'जिद्द असावी तर अशी.' आणि निवृत्त बँक अधिकारी: 'मस्त! वडील किती खूश झाले असतील!' त्याला नऊ अंगठे.

तळटीप त्या नऊ अंगठ्यांकडे बघत राहिला. गाढवं, असं तो पुटपुटला. एवढी पाच ओळींची नोंद, तीही वाचवत नाही यांना. त्याने बँक अधिकाऱ्याला सोलून काढायला बोटं टेकवली आणि तशीच थांबवली. त्याला एकदम आठवेना की हिने मुळात विचारलं काय होतं. 'वेळ नाही' एवढंच आठवत होतं.

तो मागे गेला. जुनी नोंद काढली. पहिली ओळ तीच होती. त्याखाली आणखी सात ओळी होत्या आणि त्या त्याने आज पहिल्यांदा पाहिल्या.

'...वडील चार महिन्यांपासून अंथरुणावर आहेत. त्यांचा हा रेडिओ ते स्वतः लावायचे. आता लावला की नुसती गुणगुण येते, आवाज अगदी बारीक. मोबाइलवर तेच कार्यक्रम लावून दिले तर म्हणतात, हा आवाज माझा नाही. दुरुस्त करणारं इथे कुणी उरलं नाही. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, बारीक काम हाताला जमतं. कोणता भाग बदलायचा एवढंच कुणी सांगाल का?'

पान दोनशे चौसष्ट. त्याला ते तोंडपाठ होतं. तेव्हाही होतं. या सात ओळी वाचल्या असत्या तर पान क्रमांक लिहायला एक श्वास पुरला असता.

स्वयंपाकघरातून बायकोने हाक मारली. "अहो, चहा निवतोय."

तो गेला आणि टेबलाशी नुसता बसला. बायको बालवाडीत शिकवायची. समोरच्या माणसाच्या तोंडावरचं तिला लगेच वाचता यायचं. दिवसभर तिचं कामच ते. "काय झालं?" तिने विचारलं.

त्याने सांगितलं. आधी बँक अधिकाऱ्याचं सांगितलं, मग अंगठ्यांचं, मग मंचाची पद्धत काय आहे ते सांगितलं. ती कपाच्या कडेवर बोट फिरवत ऐकत होती.

"म्हणजे तुम्हाला येत होतं उत्तर," ती म्हणाली.

"प्रश्न तो नाहीये. तत्त्व असं आहे की..."

"येत होतं की नाही?"

"येत होतं."

"आणि सांगितलं नाही."

"अगं, एकाला सांगितलं की दहा विचारतात. रोज तेच तेच."

"मी रोज पन्नास वेळा सांगते चपला कुठे काढायच्या. भिंतीवर चपलेचं चित्रही लावलंय. तरी पन्नास वेळा." ती उठली, कप विसळायला घेतला आणि पाठमोरीच म्हणाली, "माझी काही जीभ झडली नाही."

"ती चार वर्षांची पोरं आहेत."

"हो ना. ती मोठी तरी होतील."

त्याला राग आला. दिवसभर तो रागातच होता. संध्याकाळी त्याने नवखीला खासगीत लिहिलं. पहिला मसुदा दोन पानी झाला. मंचाचा इतिहास, शिस्तीचं महत्त्व, वगैरे. वाचून बघितल्यावर तो स्वतःलाच खिडकीपलीकडच्या माणसासारखा वाटला, नको ते सगळं भरून आणि हवी ती जागा कोरी. त्याने सगळं खोडलं. 'मी तुमची नोंद पूर्ण वाचली नव्हती. माझी चूक. रेडिओत अजून काही करायचं असेल तर मी येऊन करून देतो. खरखर.'

सहा दिवस उत्तर नव्हतं. सातव्या दिवशी एक पत्ता आला. खाली लिहिलं होतं, 'रविवारी दुपारी तीन ते चार.'

*

बसने तीन तास लागले. मांडीवर त्याने हत्यारांची पिशवी धरली होती: तारा जोडायला कथलाचे डाग द्यायची इस्तरी, मीटर, सुटे भाग वेगवेगळ्या डब्यांत. रस्ताभर तो मनात काय बोलायचं ते जुळवत होता. शिवाय त्याला एक आशाही होती, आणि त्या आशेची लाजही वाटत नव्हती. नवशिक्या बाईने भाग बदललाय, म्हणजे काहीतरी कच्चं राहिलेलंच असणार. आपण ते पक्कं करून देऊ. मग बरं वाटेल. तिलाही आणि आपल्यालाही.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार तिनेच उघडलं. पस्तिशीची, केस मागे घट्ट बांधलेले, चष्मा कपाळावर चढवलेला. तिने त्याला पायांपासून डोक्यापर्यंत एकदा पाहून घेतलं.

"खरखर?"

"हो."

"मला वाटलं होतं उंच असाल." ती बाजूला झाली. "या."

बाहेरच्या खोलीत तिची आई खिडकीशी बसली होती. तिला कमी ऐकू येत असावं. तिने नुसती मान हलवली. रेडिओ आतल्या खोलीत होता. खोलीतला पलंग काढून नेलेला होता आणि फरशीवर त्याच्या चार पायांचे चार फिकट चौकोन उरले होते. त्या चौकोनांच्या उशाशी, भिंतीलगतच्या स्टुलावर रेडिओ.

त्याने पिशवी उघडायला घेतली.

"राहू द्या," ती म्हणाली. "आधी बघा तर खरं."

तिने रेडिओ फिरवला, मागची पाटी काढली. त्याने चष्मा लावला आणि वाकला. तो बराच वेळ वाकलेला राहिला. एकूण एक डाग चकचकीत आणि गोल होता. तारा सरळ ओढलेल्या, वळणावर वळवलेल्या. जुन्या कपॅसिटरचं कवच तिने फेकलं नव्हतं; आतून पोकळ करून नवे भाग त्यात बसवले होते, म्हणजे बाहेरून रेडिओचं रूप बदलू नये. ही युक्ती त्याची होती, पान एकशे शहाण्णव. इतक्या वर्षांत ती कुणी करून पाहिल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"सुरेख आहे," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला.

"हे टोक बघा." तिने पेन्सिलीने दाखवलं. "एकशे चाळीस नंबरच्या पानावर तुम्ही लिहिलंय, मोठ्या कपॅसिटरचं हे टोक थेट सांगाड्याला जोडायचं. या रेडिओत ते थेट जात नाही. मध्ये एक रेझिस्टर आहे. तुमचं ऐकून जोडलं तर गुणगुण जाईना. मग मी रेडिओच्या आतला नकाशा बघून काढलं शोधून. दोन दिवस त्यात गेले."

त्याने पुन्हा वाकून पाहिलं. तिचं बरोबर होतं. वर्षानुवर्षं ती चूक तिथे पडून होती आणि कुणीही बोट ठेवलं नव्हतं, कारण तिथपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "चुकलंय माझं."

"तुम्ही मंचावर सतराशे बारा वेळा लिहिलंय," ती म्हणाली. "मी सतराशे बाराही नोंदी वाचल्या. बसमध्ये वाचायचे, लॅबमध्ये नमुने फिरत असले की वाचायचे. इथे बसून बाबांना मोठ्याने वाचून दाखवायचे. त्यांना मजा वाटायची. तुम्ही त्या बँकवाल्याला झापता ना, ते मला दोनदोनदा वाचायला लावायचे. हसायचे. म्हणायचे, याला घरी कुणी विचारत नसणार बघ."

तळटीपने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सुरुवातीला मी चिडले होते. म्हटलं, दुसरीकडे विचारू. तर बाबाच म्हणाले, नको. याला येतंय. एवढं येणारा माणूस सांगेल गं. आज ना उद्या सांगेलच." ती पेन्सिल कानामागे खोचायला गेली आणि खोचता खोचता थांबली. "रोज संध्याकाळी विचारायचे, सांगितलं का त्याने?"

बाहेरच्या खोलीतून आईच्या खुर्चीची करकर ऐकू आली.

बोलायला त्याच्याकडे बरंच होतं. बसमध्ये जुळवलेलं सगळं होतं. त्यातलं एकही वाक्य आता उचलण्यासारखं उरलं नव्हतं. सबंध आयुष्यात त्याला एका माणसाने अथपासून इतिपर्यंत वाचलं होतं. ते माणूस दोन हातांच्या अंतरावर उभं होतं आणि त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होतं ती नजर त्याला चांगली ओळखीची होती. सव्वीस वर्षं ती त्याने काचेच्या आतल्या बाजूने वापरली होती.

"मी काय करू?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत?" ती म्हणाली. तिचा आवाज चढलाही नव्हता. "मी तुम्हाला बोलावलं नव्हतं. तुम्ही येतो म्हणालात. मला एवढंच बघायचं होतं, असा माणूस दिसतो कसा." तिने रेडिओची मागची पाटी बसवली, चारही स्क्रू एकेक करून आवळले. "दिसता तसे साधेच."

तिने चहा विचारला. त्याने नको म्हटलं. तिने आग्रह केला नाही.

दाराशी तो बूट घालायला वाकला तेव्हा ती मागे उभी होती. "ते एकशे चाळीसचं दुरुस्त करा," ती म्हणाली. "माझ्यासारखं कुणी आलं तर त्याचे दोन दिवस वाचतील."

"करतो. आजच करतो."

"आणि पहिल्या पानावर टाका. पुन्हा एकशे चाळीसवर नेऊन पुरू नका."

दार लागलं. त्याने बुटाची दुसरी नाडी जिन्यात बांधली. आतून आईचा मोठा, कमी ऐकू येणाऱ्यांचा असतो तसा आवाज आला.

"कोण गं ते?"

"रेडिओवाले होते."

"झाला का नीट?"

"तो केव्हाच झालाय, आई."

"मग लाव ना."

मग खटका वाजला. नळ्या तापायला अर्धं मिनिट तरी लागतं. ते अर्धं मिनिट तो कठड्याला धरून उभा राहिला. मग आवाज आला. कुणीतरी बाई बातम्या सांगत होती. आवाज भरदार, स्वच्छ, गोल. त्याच्या नऊ रेडिओंपैकी एकाचाही इतका चांगला नव्हता. पाठीमागे गुणगुण कुठेच नव्हती. त्याने मन लावून ऐकलं, तरी सापडली नाही.

त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आतले डबे एकमेकांवर आपटून मोठ्याने वाजले. बातम्या चालू होत्या. ती पिशवी छातीशी घट्ट धरून, आवाज होऊ नये अशा बेताने, तो एकेक पायरी उतरू लागला.